पाच कॅन आणि एक ओळ

“बाय, चुनो मारलंय, पण लव्हाळो तसोच!” असं म्हणत काकांनी मातीची पिशवी टेबलावर ठेवली. लव्हाळा म्हणजे त्यांच्या शेतातलं चिवट तण. आमची माती परीक्षणाची प्रयोगशाळा सिंधुदुर्गातली. इथली जांभ्याची माती आंबटच, पीएच (आंबटपणाचा आकडा; सातच्या जितका खाली, तितकी माती आंबट) पाचच्या आसपास आला तर आम्ही मान वर करूनही बघत नाही. गेल्या वर्षी काकांचा ५.१ होता. यंदा मशीन ७.० दाखवू लागलं.

बफर (मशीन जुळवायची द्रावणं) बदलले, इलेक्ट्रोड धुतला, पुन्हा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून ढवळलं, अर्धा तास थांबले. तेच! मग पिशवीतल्या मातीवर पांढरे कण दिसले. त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला, तर बारीक बुडबुडे फसफसले. न विरघळलेली चुनखडी. काकांनी माती वरवर खरवडून आणली होती. (दहातले सात जण तेच करतात. इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या म्हणून घसा सुकतो आमचा.) वीतभर खोलीची माती मागवली : ५.२.

दुकानदाराने ‘लिक्विड चुना’ दिला होता. पीएच वाढतो, तणही मरतं म्हणून. दहा गुंठ्यांना पाच कॅन, साडेसहा हजार. वस्तू खोटी नाही. चुनखडीची पीठासारखी बारीक भुकटी पाण्यात तरंगवलेली, म्हणून काम लवकर करते. पण वजन ते वजनच. पाच कॅनांत मिळून फार तर वीस-बावीस किलो चुनखडी, आणि दहा गुंठ्यांत वीतभर खोलीची माती दोन लाख किलोच्या वर! तिथे दोनेक क्विंटल पूड पेरणीआधी मिसळायला हवी. लव्हाळ्याचं तर विचारूच नका. त्याच्या गाठी जमिनीत खोल. त्याला आंबट-गोड सारखंच.

“मगे पैशे पाण्यात गेले मा?”

दुकानदाराला शिव्या देणार होते, तेवढ्यात काकांनी गेल्या वर्षीचा आमचाच रिपोर्ट काढला. खाली छापलेलं : ‘जमीन आम्ल आहे. चुना वापरावा.’ एवढंच. कसला, किती, कधी, काही नाही. तो कागद घेऊनच ते दुकानात गेले होते. सही माझी.

नव्या रिपोर्टातही तीच ओळ आली. प्रिंटरला दुसरी येतच नाही. मी तिच्याखाली पेनाने लिहिलं : ‘चुनखडी पूड, २ क्विंटल, नांगरटीत मिसळून.’ साहेब म्हणाले, रिपोर्टावर हाताने काही लिहायचं नसतं.

काकांनी तो घडी घालून खिशात टाकला होता.