शाइब पार्क १:३५० : राइट फील्डची पन्हाळ जमली, आणि आता बेत बदलतोय

पन्हाळ (पत्र्यावरच्या लाटा) जमली! गेल्या अपडेटमध्ये सगळं काम जिथे अडलं होतं, ती शाइब पार्कच्या, म्हणजे फिलाडेल्फियातल्या जुन्या बेसबॉल मैदानाच्या, मॉडेलची राइट फील्डची (उजव्या बाजूची) भिंत बेसबोर्डवर उभी आहे. तिरपा उजेड टाकला की पत्र्याच्या रेषा अगदी जुन्या फोटोंसारख्या दिसतात. अजून रंग नाही, फक्त प्राइमर आहे, तरी आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

अडचण काय होती ते आकड्यांत सांगतो. १९३५चा हंगाम सुरू होण्याआधी ॲथलेटिक्स या इथल्या बेसबॉल संघाच्या मालकांनी मूळच्या १२ फुटी भिंतीवर २२ फूट पन्हाळी पत्रा चढवला. तोच स्पाइट फेन्स, म्हणजे खुन्नस म्हणून उभारलेलं कुंपण. भिंतीमागच्या ट्वेन्टिएथ स्ट्रीटवरच्या घरांच्या गच्च्यांवर बाकं टाकून लोक पैसे घेऊन सामने दाखवायचे, ते बंद करण्यासाठी. एकूण ३४ फूट म्हणजे आपल्या १:३५० मापात साडेएकोणतीस मिलिमीटर. उंचीचा प्रश्नच नव्हता. पण पत्र्याची एक लाट सात सेंटिमीटरच्या आसपास धरली तर मॉडेलवर ती ०.२ मिमी होते, आणि भिंतीची लांबी जवळजवळ २९ सेंटिमीटर. एका सलग पट्टीवर चौदाशेहून जास्त उभ्या रेषा, त्याही एकमेकींना समांतर!

रेल्वे मॉडेलवाल्यांचं तयार प्लास्टिक शीट आधी लावून पाहिलं. त्याच्या लाटा इतक्या जाड की भिंत पाइप रचल्यासारखी दिसत होती. मग एका थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडे रेझिनमध्ये करायला दिली. पट्टी आली ती मधोमध धनुष्यासारखी वाकलेली, आणि लाटा प्राइमरच्या पहिल्या हातातच बुजल्या. तक्रार केली तर उत्तर आलं की एवढा बाक चालतो. कोणाला चालतो? सरळ भिंत हा या मैदानाचा प्राण आहे. माझं मत आता पक्कं झालंय: खांब, दिवे, खुर्च्या यांना रेझिनसारखं दुसरं काही नाही, पण लांब, पातळ आणि सपाट वस्तू रेझिनमध्ये करायला देऊ नये.

उत्तर मिळालं गिटारच्या तारेत. डी तारेवर बारीक तारेचे वेढे असतात आणि दोन वेढ्यांतलं अंतर जवळपास आपल्याला हवं तेवढंच. ॲल्युमिनियमच्या वापरून टाकायच्या ट्रेचा तळ कापून घ्या (स्वयंपाकघरातला फॉइल फाटतो), खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पसरा, तार आडवी ठेवा आणि वरून लाकडी ठोकळ्याने दाबत एकदाच पुढे लोटा. मागे-पुढे केलंत तर रेषांवर रेषा चढतात. वेढे मळसूत्री असल्यामुळे रेषा पाचेक अंश कलतात. म्हणून पत्रा आधी मोठा घ्यायचा आणि रेषा उमटल्यावर त्यांच्या काटकोनात पट्टी कापायची. चिकटवायला दुहेरी टेप. सुपरग्लू अजिबात नको, त्याची पांढरी वाफ पत्र्यावर बसते.

भिंत बसवताना आणखी एक आनंद झाला. होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) भिंतीपर्यंतची अंतरं, लेफ्ट ३३४ फूट, राइट ३३१ आणि सेंटर ४६८, ही आकडेवारी मी पुस्तकी म्हणून घेतली होती. होम प्लेटपासून दोन बाजू काटकोनात मांडल्या आणि समोरचा कोपरा बंद केला, तर कर्ण ४७० भरला. आखीव चौकोनी गल्ल्यांच्या मधोमध चौकोनी मैदान बसवलेलं, त्यामुळे हिशेब जुळतोच. मापं जुळली की कागदावरचं मैदान खरं वाटायला लागतं.

आता बेताचं. मॉडेलमध्ये दाखवायचा दिवस आपला ठरला होता १९ डिसेंबर १९४८: बर्फात अमेरिकन फुटबॉलचा सामना, ईगल्स विरुद्ध शिकागो कार्डिनल्स, ७-०, ईगल्सच्या व्हॅन ब्युरेनचा एकच टचडाउन. १९४० ते १९५४ या काळात (१९४१ सोडून) ॲथलेटिक्स आणि फिलीज हे बेसबॉलचे आणि ईगल्स हा फुटबॉलचा, अशा तिन्ही संघांचं घर हेच होतं, म्हणून तो दिवस निवडला होता. पण पत्रा नुसता टेकवून पाहताना तो काढला, आणि मागची घरं एकदम समोर आली. त्या छपरांवर माणसं बसलेली दाखवायची असतील तर १९२९ हवं! वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात, १४ ऑक्टोबरला, नवव्या इनिंगमध्ये ॲथलेटिक्स ०-२ मागे असताना त्यांच्या म्यूल हासने बरोबरी करणारा होमरन मारला तो याच राइट फील्डच्या भिंतीवरून. तेव्हा ती १२ फुटांचीच होती. सामना ३-२ जिंकला, सिरीजही. आणि पत्रा चढला त्या १९३५मध्ये? ग्रोव्ह, कॉक्रेन, सिमन्स हे मोठे खेळाडू विकून झालेले, संघ अमेरिकन लीगमध्ये शेवटचा. त्या छपरांवरून जे पाहण्यासारखं होतं ते आधीच गेलं होतं. हे मला मॉडेलमध्ये दिसायला हवं आहे.

म्हणून पत्रा सुटा ठेवतोय, तळाशी छोटे चुंबक लावून. लिहिता लिहिता लक्षात येतंय की मग दिव्यांचे मनोरेही सुटे हवेत, कारण ते १९३९चे. अमेरिकन लीगचा पहिला रात्रीचा सामना त्याच मे महिन्यात इथे झाला. छपराला भोकं पाडण्यापेक्षा तिथेही चुंबकच. बर्फाच्या मैदानाचा तुकडा वेगळा उचलता येईल असा करणार. बर्फासाठी संगमरवराची भुकटी घेतोय. खायचा सोडा कोणी सुचवू नका, तो पिवळा पडतो.

बेकर बोलचं (फिलीजच्या आधीच्या मैदानाचं) काम मात्र पुढे ढकललंय. १९३८च्या उन्हाळ्यात फिलीज तिथून लीहाय ॲव्हेन्यूवरूनच इकडे भाडेकरू म्हणून आले, त्यामुळे दोन्ही मैदानं एका बोर्डवर शोभतील. पण तिथली राइट फील्डची भिंत २८० फुटांवर आणि वरच्या जाळीसकट ६० फूट उंच, म्हणजे ५२ मिमी. तिचा पत्रा सपाट, तिथे तारेचा उपयोग नाही.

पुढचा अपडेट गच्च्यांचा. बाकांच्या किती रांगा होत्या आणि शिड्या कुठून चढवल्या होत्या हे मैदानाच्या बाजूने काढलेल्या फोटोंत नीट कळत नाही. ट्वेन्टिएथ स्ट्रीटच्या बाजूने, १९२९ ते १९३४ मधला एखादा फोटो कोणाच्या संग्रहात असेल तर नक्की दाखवा. तोवर मी घरांच्या खिडक्या कापून ठेवतो.