तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या भिंतीवर लाकडी पट्टी का टिकत नाही?

"ताई, नवी पट्टी लावली आणि वर्षाच्या आत भिंतीपासून सुटून पुढे आली. कुठला स्क्रू वापरायचा?" वाई-सातारा भागातल्या जुन्या घरांची लाकूडकामं करते म्हटल्यावर हा प्रश्न मला सारखा येतो. स्क्रूचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण बहुतेक वेळा दोष स्क्रूचा नसतोच.

हिशेब करून बघा. पट्टी १८ मिलिमीटर जाड. वेड्यावाकड्या विटांवर थर देत देत सपाट केलेला चुन्याचा गिलावा सहज ३० मिलिमीटर भरतो. झाले ४८. स्क्रू आणलात दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटर. विटेत गेला किती? जेमतेम दोन मिलिमीटर. सगळा भार गिलाव्यावर आला आणि गिलावा काही ओझं पेलायला केलेला नसतो.

हे मी नुकसान करून शिकले. नव्याने काम करू लागले तेव्हा एका घरात माजघरात फोटोपट्टी लावली. जुन्या घरांत असते ती, फोटोंच्या चौकटी खाली तिच्यावर टेकलेल्या आणि वरून दोरीने किंचित पुढे झुकलेल्या. मी ड्रिल हॅमरवर, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देईल असं ठेवून धडाधड भोकं पाडली, स्क्रू धरून ठेवायला भोकांत प्लॅस्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, संध्याकाळी काम संपलं. ऐन गणपतीत पट्टी खाली आली, सोबत हातभर गिलावा आणि घरातल्या पणजीच्या फोटोची काच. ढेप उचलून पाहिली तर गिट्टी तिच्यात अजून घट्ट बसलेली होती. मागच्या विटेवर भोक नव्हतं, टिकलीएवढा खळगा फक्त. नाना, माझे वडील, ती ढेप हातात फिरवून म्हणाले, "तू पट्टी गिलाव्याला लावलीस गं, भिंतीला लावलीच नाहीस."

तेव्हापासून मी आधी भिंत वाजवते. बोटाच्या पेराने टकटक करत जायचं. भरीव वाजलं तर ठीक. पोकळ वाजलं तर तिथला गिलावा विटेपासून सुटलेला आहे, तो आधी चुन्यातच दुरुस्त करायचा. सिमेंटने नाही, कारण मऊ विटेवर सिमेंटचा थर ओल आत कोंडून ठेवतो आणि कडेचा चांगला चुनाही सुटायला लागतो. मग ड्रिल, पण हॅमर बंद ठेवून. हादऱ्याने गिलावा मागून सुटतो आणि वरून काहीच दिसत नाही.

भोकाखाली कागद धरा आणि भुग्याचा रंग बघा. आधी पांढरा येतो, तो चुना. लाल झाला की वीट लागली. करडा भुगा आला आणि ड्रिल पुढेच सरकेना, तर काळा दगड आहे. गिलावा ओलांडून झालेला असतो, तेवढ्यापुरता हॅमर चालू करा. मातकट, मऊ भुगा येऊन ड्रिल भसकन आत गेलं तर तुम्ही दोन विटांमधल्या मातीच्या सांध्यात आहात. तिथे काहीही धरणार नाही. दोन बोटं वर किंवा खाली सरका. आणि लाकडाचा भुगा आला तर आनंदच, भिंतीत बुजलेला खांब सापडला. वाड्यांत बऱ्याचदा वजन खांब-तुळयांवर असतं आणि भिंत मधली जागा भरते. खांब किडका नसेल तर सरळ त्यात स्क्रू घाला, गिट्टी लागतच नाही.

विटेत मात्र गिट्टी हवी आणि ती गिलावा ओलांडून पूर्णपणे विटेत बसायला हवी. गिलाव्यात फुगली तर त्यालाच तडा देते. जर्मन संशोधक आर्टुर फिशर यांनी १९५८ साली नायलॉनची गिट्टी काढली, ती भरीव विटेत झकास धरते. वीट ठिसूळ असेल तर मी अजून नानांच्या पद्धतीने सागाची गुट्टी ठोकते. लाकूड मात्र खडखडीत वाळलेलं हवं. ओलं वापरलं तर उन्हाळ्यात आक्रसतं आणि गुट्टी भोकात खुळखुळते.

स्क्रू विटेत निदान ५० मिलिमीटर जायला हवा. वरचे ४८ धरून चार इंची घ्या, स्टेनलेस स्टीलचा. साधं लोखंड ओलीने गंजून फुगतं आणि चुना फोडतं. पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा थोडं सैल ठेवा, पावसाळ्यात लाकूड हलायला जागा लागते. भिंत खोलगट असेल तिथे मागे पातळ पाचर द्या. स्क्रू आवळून पट्टी भिंतीला चिकटवायचा मोह होतो, पण तशी ताणलेली पट्टी रात्रंदिवस गिट्टी ओढत राहते.

तर स्क्रू घ्यायला दुकानात जाण्याआधी एक भोक पाडा आणि कागदावरच्या भुग्याचा फोटो मला पाठवा. गिलावा किती जाड निघाला तेही मोजून कळवा.