रेइसलचा र

बेल्जियममधल्या गेंटहून फ्रान्समधल्या लीलला निघालो होतो. जावई गाडी चालवत होते, नात मागे आजीशेजारी पेंगत होती आणि मी सवयीप्रमाणे पाट्या वाचत होतो. कोर्ट्राइक आलं, गेलं, पण लील काही दिसेना. एकच अनोळखी गाव सारखं डोकावत होतं : रेइसल. शेवटी न राहवून विचारलं, "रस्ता चुकलो का हो आपण?"

"नाही बाबा. रेइसल म्हणजेच लील. डचमध्ये तसंच म्हणतात."

मला दोन्ही नावांत एक ल सोडला तर काही नातं दिसेना. पण मुळात दोन्हींचा अर्थ एकच, बेट. द्यूल नदीच्या फाट्यांमध्ये वसलेलं हे गाव. फ्रेंचांनी बेटाला म्हणजे ‘ईल’ला आपलं उपपद ‘ल’ (इंग्रजीतल्या ‘द’सारखं) लावलं, ते चिकटून बसलं आणि झालं लील. डच बोलणाऱ्या फ्लेमिश लोकांची तऱ्हा आणखी गमतीची. ते म्हणायचे ‘टेर एइसल’, म्हणजे बेटावर. भरभर बोलताना ‘टेर’मधला र सुटला आणि पुढच्या शब्दाला जाऊन बिलगला. ‘टे रेइसल’! म्हणजे त्यांच्या नावातला र हा आपल्या ‘बेटावर’मधला र समजा ना.

हे शहर पूर्वी फ्लँडर्स या फ्लेमिश मुलखाच्या काउंटांचं, म्हणजे तिथल्या सरदारांचं. १६६७ मध्ये चौदाव्या लुईनं ते जिंकलं आणि पुढच्या वर्षीच्या तहानं ते फ्रान्सचं झालं. (तह झाला जर्मनीतल्या आखेनला. त्या गावाला फ्रेंच एक्स-ला-शापेल म्हणतात आणि डच आकेन. पाट्या वाचणाऱ्यानं करायचं काय?) शहर गेलं, पण फ्लेमिश लोकांनी आपलं नाव सोडलं नाही.

लीलमध्ये पोचल्यावर मी आधी पाणी शोधलं. जुन्या गावात नदीचे बरेचसे फाटे बुजवलेत किंवा झाकलेत. जिथं पूर्वी होड्या लागायच्या, तिथं आता रुंद रस्ता आहे. त्याचं नाव, ‘बेल्जियन जनतेचा मार्ग’.

त्या रस्त्यावर आइस्क्रीम खाता खाता नातीनं विचारलं, "आजी, आपण पुण्या कधी जायचं?" गेंटमध्ये वाढलेली पोर. तिच्या कानावर येतं ते पुण्याला, पुण्यात, पुण्याहून.

"पुण्या नाही गं, पुणे," आजी म्हणाली.

"मग तू पुण्याला का म्हणतेस? पुणेला म्हण ना."