ब्रेक ऑइल बदलायचं कधी? माझा अनुभव

गाडी २००८ ची वॅगन-आर, राहायला चिपळूण. कराडला जाणं-येणं असतं म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. या पावसाळ्यानंतर घाट उतरताना काही वळणं झाली की ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं, पोफळी येईपर्यंत तर चांगलंच खाली जायचं, दोनदा पंप केलं की परत वर. खाली चहाला थांबलो की सगळं नॉर्मल.

आणि हेच सर्व्हिस सेंटरला पटेना. गाडी तिथे पोचेपर्यंत ब्रेक थंड झालेले, त्यांचा माणूस आवारात एक चक्कर मारून म्हणणार, "काका, ब्रेक तर मस्त लागतोय." मी म्हटलं ऑइल बदला, तर बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीकडे बोट, "लेव्हल फुल्ल आहे, लीकेज नाही, कशाला खर्च करताय?" अहो लेव्हलबद्दल बोलतंय कोण! ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्याने त्याचा उकळायचा पॉइंट उतरतो. डॉट ३ या ग्रेडचं नवीन ऑइल २०५ डिग्रीच्या खाली उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १४० वर येऊ शकतो. घाटात सारखा ब्रेक दाबून ते उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते म्हणून पेडल खाली जातं, आणि गार झालं की पुरावाच गायब. एवढं सगळं सांगूनही जॉब कार्डवर "ब्रेक चेक" आणि बिलात टॉप-अप! वरून थोडं नवीन ओतून काय होणार, चाकाजवळ तापणारं ऑइल तर जुनंच राहतं ना. पुढच्या वेळी म्हणे "तुमचं रनिंग कमी आहे." रनिंगचा काय संबंध, गाडी नुसती दारात उभी असली तरी ओलावा शिरतोच, आणि आपल्या कोकणातली हवा कशी असते ते काय सांगायला पाहिजे? अजूनही आठवलं की डोकं फिरतं, घाटात फॅमिली गाडीत असते.

शेवटी बाजारातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न, "शेवटचं कधी बदललंत?" बास, हाच प्रश्न मला हवा होता. दोन वर्षं झाली की बदलायचं, किलोमीटर बघत बसायचं नाही. चारी चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून सगळं ऑइल बदलून दिलं, जुनं निघालं ते कोऱ्या चहासारखं. रंगावरून पाणी कळत नाही, पण इतकं काळपट म्हणजे बरीच वर्षं झालेली. त्यानंतर तोच घाट उतरलो, पेडल शेवटपर्यंत कडक. खूप बरं वाटलं.

हो, टॉप-अपचं राहिलं. ब्रेकचे पॅड झिजले की टाकीतली लेव्हल आपोआप थोडी उतरते, तेव्हा लेव्हल कमी दिसली की आधी पॅड आणि लीकेज बघायला सांगा, नुसतं भरून घेऊ नका.

सेकंड हँड गाडी घेतली असेल आणि ऑइल बदलल्याची नोंद नसेल तर वाट न बघता बदलून टाका. ग्रेड टाकीच्या झाकणावर असते, तीच घ्या, डबा सीलबंद आणि तुमच्यासमोर फोडलेला, उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. चाकाजवळचे निपल (जिथून जुनं ऑइल आणि हवा काढतात) गंजलेले असतील तर आदल्या दिवशीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायला सांगा, जोर लावून तुटला तर काम वाढतं. आणि बॉडीवर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.