सोळावा प्रश्न

स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबांसोबत काम करणाऱ्या केंद्रात मी मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले, तेव्हा एक अट होती. स्वतंत्रपणे सत्रं घेण्याआधी 'कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू' ही, माणूस आपल्या संस्कृतीतून स्वतःच्या त्रासाकडे कसं बघतो हे समजून घेणारी मुलाखत पर्यवेक्षकांसमोर घेऊन दाखवायची, आणि त्यांनी होकार दिला तरच पुढे जायचं. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव लिहिते आहे.

मुलाखत वाचायला सोपी आहे. एकूण १६ प्रश्न. भारत, केनिया, पेरू धरून सहा देशांत तपासून ती २०१३ मध्ये डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानग्रंथात आली. तुमचा त्रास तुम्ही स्वतः कसा सांगाल? घरच्यांना कसा सांगता? त्यातलं सगळ्यात जास्त काय छळतं? हे कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं, आणि तुमच्या माणसांना काय वाटतं? अवघड असतं ते उत्तर ऐकताना निदानाची घाई न करणं. कोणी म्हणालं, झोप नाही, अंगात त्राण नाही, की पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली समोर ओढावीशी वाटते. ती मी वापरतेच. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले, तर नीट तपासणी हवी. पण माणूस आपल्या त्रासाचं कारण काय मानतो आणि आपल्याकडून त्याला काय हवंय, हे त्या आकड्यातून कळत नाही. घरदार सोडावं लागलं म्हणून हा त्रास आहे असं ज्याला वाटतं, त्याला 'विचार करायची पद्धत बदलू या' असं पहिल्याच दिवशी सांगितलं, तर तो परत कशाला येईल?

सर्वांत जास्त शिकायला मिळालं ते दुभाष्यासोबत काम करताना. सत्राआधी दहा मिनिटं दुभाष्याशी बोलायचं : आज कोणते विषय निघू शकतात, आत्महत्येबद्दल विचारलं तर तो प्रश्न सौम्य न करता तसाच पोचवायचा. बसायचं त्रिकोणात, बघायचं मात्र समोरच्या माणसाकडे, आणि 'त्यांना विचारा' न म्हणता थेट 'तुम्हाला काय वाटतं?' असं विचारायचं. वाक्यं छोटी. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, तो आधीच धरायचा. घरातल्या मुलांना दुभाषा करायचं नाही, हा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो; आईचं दुःख मुलाच्या तोंडून वदवून घेणं दोघांवरही अन्याय आहे. समाज लहान असेल तर दुभाषा ओळखीचा निघतो, म्हणून त्याचं नाव आधी सांगून संमती घ्यायची. आणि सत्र संपल्यावर दुभाष्याचीही विचारपूस करायची, कारण ऐकलेलं त्यालाही लागतं.

मधले काही प्रश्न ओळखीबद्दल असतात. इथे पर्यवेक्षक बाई कडक होत्या. एका देशातून आलेली दोन माणसं एकसारखी असतील असं धरून चालायचं नाही, एखाद्या समाजाबद्दल वाचलेलं समोरच्यावर लादायचं नाही. मेलानी टेर्व्हालोन आणि जॅन मरे-गार्सिया या डॉक्टरांनी १९९८ मध्ये 'सांस्कृतिक नम्रता' मांडली, ती याच अर्थाने : आपण शिकत राहायचं, आणि आपल्या हाती असलेल्या अधिकाराचं भान ठेवायचं.

आजवर मदत कुठे कुठे शोधली, हेही विचारायचं असतं. आमच्या वाचनात झिम्बाब्वेचं उदाहरण होतं. तिथे डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या कामात प्रशिक्षित आज्या दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून लोकांशी बोलतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांनंतर त्यांच्याकडे आलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा स्पष्ट कमी होती. तेव्हापासून कोणी 'मी आधी शेजारच्या मावशींकडे गेले होते' म्हणालं, की मी त्या मावशींबद्दल आवर्जून विचारते.

शेवटचा, सोळावा प्रश्न साधारण असा : पार्श्वभूमी वेगळी असली की आपल्यात गैरसमज होऊ शकतात, तुम्हाला तशी काळजी वाटते का, आणि आम्ही काय करू शकतो? बहुतेक जण 'नाही, सगळं ठीक आहे' म्हणतात. पण एका बाईंनी माझ्या वहीकडे बोट दाखवलं. हे कागद कुठे जातात? आश्रयाच्या अर्जाचा निर्णय करणारे ते वाचतील का? मी नोंदी कोण पाहतं ते सांगितलं. जिवाला धोका असेल तर मला गोपनीयता मोडावी लागेल, हेही लपवलं नाही. मग त्या दिवशीचं टिपण दुभाष्याकरवी वाचून दाखवलं. त्यांनी दोन ओळी काढायला लावल्या, एक नवी घालायला सांगितली.

तीच मुलाखत पर्यवेक्षकांनी मंजूर केली. आता हा प्रश्न मी पहिल्या सत्रात विचारते, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रात पुन्हा. पहिल्याच भेटीत 'मला तुमची भीती वाटते' असं अनोळखी माणसाला कोण सांगेल? दुसऱ्यांदा विचारलं की काही जण सांगतात.