सिरिंजमध्ये आलेलं पांढरं पाणी

२८ आठवड्यांनी, म्हणजे वेळेआधीच जन्मलेलं, ११०० ग्रॅमचं बाळ. व्हेंटिलेटर सुटून सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) आलेलं, उजव्या हातातल्या पिक लाईनमधून (हातातल्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी) टीपीएन, म्हणजे शिरेतून द्यायचं साखरेचं दाट अन्न, आणि लिपिड, म्हणजे पांढरं स्निग्ध द्रव, चालू. सकाळच्या राऊंडला त्याच्यापाशी फारसं थांबलोच नाही. बरं चाललेल्या बाळापाशी कोण थांबतं?

दुपारी सिस्टरांनी हाक मारली, "मॅडम, पटकन या!" बाळ राखेसारखं पडलेलं, ठोके ६०च्या खाली. श्वासनळीत ट्यूब टाकली. हवा दोन्ही बाजूंना नीट जात होती. छातीला लाईट लावून पाहिला, फुफ्फुसाबाहेर हवा कोंडलेली नव्हती. छातीवर कॉम्प्रेशन, ॲड्रेनलीन, सगळं झालं. ठोके वर येईनात. रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, "सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) असेल." असू शकतं, पण पाच मिनिटांपूर्वी हातपाय हलवणारं बाळ सेप्सिसने सहसा असं कोसळत नाही. पिक लाईनसारखी सेंट्रल लाईन असलेलं बाळ एकाएकी कोसळलं आणि कशालाच दाद देईना, तर आधी हृदयाभोवती पाणी शोधायचं, हे आमच्या सरांनी डोक्यात पक्कं बसवलेलं.

इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) प्रोब ठेवला. हृदयाभोवती काळा पट्टा, म्हणजे पाणी, आणि आत चेपलेलं, जेमतेम फडफडणारं हृदय. छातीच्या हाडाच्या टोकाखालून, डाव्या खांद्याच्या दिशेने कॅन्युला (सुईवरची बारीक नळी) घातला. सिरिंजमध्ये दुधट पाणी आलं. ८ मिली निघेपर्यंत मॉनिटरवर ठोके १४० झाले होते. इतक्या झटपट फळ देणारं काम आमच्याकडे क्वचितच असतं. त्या पाण्याचा थेंब ग्लुकोमीटरला लावला, तर आकडाच नाही, नुसतं 'हाय', म्हणजे साखर यंत्राला मोजता येईना इतकी जास्त. हृदयाभोवती चक्क टीपीएन साठलं होतं.

लाईन घातल्यानंतरच्या एक्स-रेत टोक हृदयाच्या बाहेर होतं, नोंदही तशीच होती. पण त्या फोटोत हात बाहेर पसरलेला. ही लाईन कोपराच्या आतल्या बाजूच्या शिरेतली. हात छातीशी घेतला की टोक आत सरकतं. आणि बाळाला बरं वाटावं म्हणून आपण त्याला गुंडाळून हात छातीशीच ठेवतो! नव्या फोटोत टोक उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) दिसलं. तिथे भिंतीला टेकलं की दाट टीपीएनने भिंत दुखावते आणि मोठं भोक न पडताही द्रव पाझरतो. मँचेस्टरमध्ये अशीच चार बाळं दगावल्यावर २००१ साली ब्रिटिश आरोग्य खात्याने चौकशी अहवाल काढला. टोक हृदयाच्या कप्प्यांबाहेर हवं, असं त्यात बजावलं आहे.

बाळाच्या वडिलांना हे चित्र काढून समजावलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे दूध हृदयात गेलं?" दूध नाही, शिरेतून दिलेलं अन्न, आणि तेही हृदयाच्या आत नाही, भोवतीच्या पिशवीत, असं सांगितलं. त्यांना किती पटलं कोण जाणे. लाईन काढली, हातापायाच्या साध्या शिरेतून पातळ द्रव चालू केला. दुसऱ्या दिवशीच्या इकोत पाणी पुन्हा साठलेलं नव्हतं.

आता फोटो काढताना बाळ एरवी जसं झोपतं तसाच हात ठेवायला लावते आणि हाताची स्थिती फाईलमध्ये लिहायला सांगते. एक्स-रेवाले वैतागतात, वैतागू देत.