अथेन्सचा पाऊस आणि न झालेली फायनल

१० मे २०२५, शनिवार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावी कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉलची फायनल बघायला आलो होतो. एका पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून आम्ही तिघं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात बसलो होतो. पाऊस असा कोसळत होता की समोरची गाडीही धड दिसत नव्हती. मागच्या सीटवर लेकीच्या मांडीवर तिची स्कोअरची वही उघडी होती. तारीख टाकून, दोन्ही संघांची नावं लिहून तिने पान तयार ठेवलं होतं. ह्यांनी फोन बघितला आणि म्हणाले, "रद्द झाली फायनल. दोघांना मिळून विजेतेपद दिलंय."

"म्हणजे कोण जिंकलं?" लेकीने विचारलं.

"दोघं."

"पण त्या खेळल्याच नाहीत ना!"

यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं.

तिकडे भारतात असलेल्यांना आधी हे सगळं काय प्रकरण आहे ते सांगते. इथे कॉलेजचा खेळ कॉन्फरन्समध्ये वाटलेला असतो. आपल्याकडे शालेय स्पर्धांना तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या असतात, साधारण तसंच समजा. फेब्रुवारीत मोसम सुरू होतो, पुढे मुली आपापल्या कॉन्फरन्समध्ये साखळी सामने खेळतात आणि मे महिन्यात कॉन्फरन्सची शेवटची स्पर्धा होते. जिंकलात तर देशपातळीवरच्या ६४ संघांत थेट प्रवेश. बाकीच्यांची निवड समिती करते. साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, ही सॉफ्टबॉलमधली सगळ्यात तगडी कॉन्फरन्स. १६ विद्यापीठांपैकी १५ जणांचे संघ, आणि एकदा हरलात की घरी. त्या वर्षी ही स्पर्धा अथेन्सला, जॉर्जिया विद्यापीठाच्या जॅक टर्नर स्टेडियमवर होती. अटलांटाच्या आमच्या घरापासून दीड तासावर. एवढ्या जवळ आलीय म्हटल्यावर मी महिनाभर आधीच सुट्टी टाकून ठेवली होती.

कारण मी जळगावची. आमच्या शाळेत सॉफ्टबॉल होता, आणि मी कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी.

शुक्रवारी, उपान्त्य सामन्यांच्या दिवशी, आम्ही मुद्दाम लवकर पोचलो आणि थेट कुंपणाला नाक लावून उभे राहिलो. पलीकडे एक पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, वॉर्मअप करत होती. पिचरपासून होम प्लेट, म्हणजे बॅटर उभी राहते ती जागा, ४३ फुटांवर. बेसबॉलमध्ये हेच ६० फुटांच्या वर असतं. त्या ४३ फुटांतून चेंडू ताशी ११० किलोमीटरच्या आसपास येतो. टीव्हीवर हे कळतच नाही. जवळून बघाल तर हात कमरेशी येऊन मनगट वळतं तेवढंच दिसतं, आणि पुढच्या क्षणी कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फटाका वाजल्यासारखा आवाज. मधला चेंडू डोळ्यांना सापडत नाही. आणि हा काही लहान चेंडू नव्हे, १२ इंच घेराचा पिवळाधमक गोळा! एक चेंडू उठला, म्हणजे बॅटजवळ येता येता वर सरकल्यासारखा वाटला, तशी लेक माझा हात दाबून म्हणाली, "राइज बॉल!" कॅचरने ग्लोव्ह जेमतेम दोन बोटं वर नेला. तिला तो कुठे येणार हे आधीच ठाऊक होतं. मी तिच्याच गुडघ्यांकडे बघत होते. तासन्‌तास तसं बसल्यावर गुडघ्यांचं काय होतं ते मला माहीत आहे.

मी तो व्हिडिओ आमच्या जळगावच्या पिचरला पाठवला. ती आता पोलिसात आहे, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून लागली. आमच्या संघात धड ग्लोव्ह मोजकेच होते. एक डाव संपला की आमचे ग्लोव्ह काढून समोरच्या संघाला द्यायचे, पुढच्या डावात त्यांनी आम्हाला. कॅचरचा मास्क एकच, घामाने ओला, तोही दोन्ही संघांत फिरायचा. पी. टी.चे सर स्वतः चुन्याच्या रेषा मारायचे. आमची पिचर राज्यापर्यंत गेली, बारावीला सवलतीचे गुण मिळाले, भरती झाली, आणि चेंडू सुटला तो सुटलाच. रात्रपाळी संपवून तिने उत्तर पाठवलं. व्हिडिओत तिने बघितलं ते पिचरचं पाऊल: "डावा पाय बघ, दर वेळी त्याच खड्ड्यात पडतोय."

स्टेडियममध्ये डगआउटमधल्या, म्हणजे मैदानाकडेच्या बाकांवरच्या मुली अख्खा सामना गात होत्या. प्रत्येक बॅटरसाठी वेगळी आरोळी, वेगळ्या टाळ्या. केसांच्या घट्ट वेण्या, वेण्यांत रिबिनी, डोळ्यांखाली चमकी लावलेली. इनफिल्डच्या, म्हणजे बॅटरच्या जवळ उभ्या राहणाऱ्या, बऱ्याच जणींच्या तोंडावर जाळीचे मास्क, कारण चेंडू अंगावर येतो तेव्हा विचार करायला वेळच नसतो. आणि प्रेक्षक! म्हातारे आजोबा, कॉलेजची मुलं, कडेवर पोरं घेतलेले बाप, सगळे मुलींचा खेळ बघायला तिकीट काढून आलेले. मला भरून आलं, खरंच सांगते. हे आपोआप झालेलं नाही. १९७२ साली इथे टायटल नाइन नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी आहे म्हणून डावलता येत नाही, आणि त्यात खेळही आला. एनसीएए ही इथली कॉलेजच्या खेळांची संस्था, आणि वर्ल्ड सिरीज म्हणजे देशपातळीवरची शेवटची स्पर्धा. सॉफ्टबॉलची पहिली एनसीएए वर्ल्ड सिरीज १९८२ ची. म्हणजे मैदानावरच्या मुलींच्या आयांच्या लहानपणी हे नुकतं उभं राहत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ठरलं, फायनल टेक्सास ए अँड एम विद्यापीठ विरुद्ध ओक्लाहोमा विद्यापीठ. ओक्लाहोमा म्हणजे २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं राष्ट्रीय विजेते, प्रशिक्षक पॅटी गॅसो. एसईसीत त्यांचं हे पहिलंच वर्ष, आणि आल्या आल्या त्यांनी साखळीही जिंकलेली. याहून चांगली जोडी कुठली मिळणार?

आणि पाऊस आला. इथला नियम मला लेकीच्या सामन्यांमुळे पाठ झालाय. वीज जवळ चमकली की मैदान रिकामं, आणि त्यानंतर अर्धा तास थांबायचं. मध्ये पुन्हा चमकली तर अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. बरं, रविवारवर ढकलायचं म्हटलं तर रविवारी संध्याकाळी ६४ संघांची यादी जाहीर व्हायची असते. निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. विजांच्या कडकडाटात बॅट हातात घेऊन कुणाच्या लेकीने उभं राहावं? पण वाईट वाटायचं ते वाटलंच. जळगावला फोनवर सांगितलं तर ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "खेळायला मिळायला हवं होतं गं. हरल्या असत्या तरी चाललं असतं."

तेव्हा आम्ही समजूत घातली होती की पुढे दोघी भिडतीलच. ए अँड एमला रविवारी देशात पहिलं मानांकन मिळालं, ओक्लाहोमाला दुसरं. वर्ल्ड सिरीजमध्ये गाठ पडणार असं धरूनच लेक चालली होती. १८ मे रोजी ए अँड एम स्वतःच्या मैदानावर लिबर्टी विद्यापीठाकडून हरून बाहेर पडली. पहिलं मानांकन मिळालेला संघ पहिल्याच टप्प्यात गारद होण्याची ही पहिलीच वेळ. लेकीने जेवणाचं ताट पुढे सरकवलं आणि उठून गेली. जूनमध्ये ओक्लाहोमाला टेक्सास टेक विद्यापीठाने उपान्त्य फेरीत हरवलं, आणि शेवटी तिसऱ्याच, टेक्सास विद्यापीठाने आपलं पहिलं विजेतेपद घेतलं. म्हणजे ए अँड एमच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलींच्या हातात त्या मोसमातला शेवटचा चषक पडला तो पावसाने वाटून दिलेला. आणि ती मॅच कोण जिंकलं असतं हे त्यांना कधीच कळणार नाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परत येतोय, आणि त्याचे सामने ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत. त्यासाठी पैसे साठवायला मी आत्तापासून सुरुवात केलीय. जळगावच्या पोलीसबाईंना म्हटलंय, रजा शिल्लक ठेव.

परवा कपाट आवरताना लेकीची स्कोअरची वही हातात आली. प्रत्येक चौकोनात मैदानाची छोटी तिरपी चौकट, तीन चेंडू हुकून बाद झालेल्यांचे के, नुसतं बघत राहून बाद झाली असेल तर उलटा के, सगळं पेन्सिलीने नीट भरलेलं. १० मेच्या पानावर फक्त दोन नावं आणि खाली सगळे चौकोन कोरे. एवढं चांगलं पान वाया कशाला, म्हणून मी तिला त्यावर दुसरी मॅच लिही म्हटलं. तिने वही माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, "आई, ते पान त्यांचं आहे."